वाड्याचे शहाणपण

आपोआप चालणाऱ्या वस्तूंचे अप्रूप निदान ग्वाल्हेरच्या माणसाला तरी वाटू नये. जयविलास राजवाड्याचे भोजनदालन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तेथल्या टेबलावरची चांदीची आगगाडी आठवत असेलच. महाराज माधवराव शिंदे यांना यंत्रांची हौस मोठी. त्यांनी मेजवानीच्या लांबलचक टेबलावर रूळ टाकून घेतले आणि त्यांवरून विजेवर चालणारी इवलीशी गाडी सोडली. डब्यांत ब्रँडीची पात्रे आणि चिरूट. गाडी पाहुण्यांसमोरून संथपणे फिरे. कोणी पात्र उचलले की ती थांबे आणि पात्र जागेवर ठेवले की पुन्हा चालू लागे. वाढप्याला खूण करावी लागत नसे, की गाडीला हाक मारावी लागत नसे.

हल्ली ज्याला ‘स्मार्ट होम’ म्हणतात, त्याचे सारे मर्म या एका गाडीत आहे. काहीतरी घडले, ते यंत्राला कळले आणि ठरवून दिल्याप्रमाणे त्याने दुसरे काहीतरी केले. अंधार पडला, दिवा लागला. टाकी भरली, पंप थांबला. दार उघडले, घंटा वाजली. ‘असे झाले तर तसे कर’ एवढ्या एका वाक्यावर हे शास्त्र उभे आहे. बाकीचा सगळा तपशील. परंतु त्या तपशिलात एक प्रश्न दडलेला आहे आणि जुन्या घरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तो वेळीच विचारावा, म्हणून हा लेखप्रपंच. ‘तसे कर’ हे ठरविणारा मेंदू असावा कोठे? घरात, की हजारो मैलांवर, कोणा परक्याच्या कोठारात?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच शहराजवळ, तिघऱ्याला, शतकापूर्वी देऊन ठेवलेले आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी धरणासाठी आपोआप उघडमीट करणारी दारे योजिली. १९०३ साली ती पुण्याजवळ खडकवासल्याला बसली. पुढे तीच पद्धत ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर आली. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढले की दारे आपसूक उघडत, उतरले की मिटत. त्यासाठी कोठे तार करून हुकूम मागवावा लागत नसे, की मध्यरात्री कोणा चौकीदाराला उठवावे लागत नसे. पाणी जेथे, निर्णय तेथेच. राजवाड्यातली गाडी ही हौस, धरणावरची दारे ही गरज. पण दोहोंचे शहाणपण जागच्या जागी होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तिघऱ्याची दुसरी शिकवणही विसरू नये. १९१६ साली पुरे झालेले ते धरण पुढच्याच वर्षी, १९१७ च्या ऑगस्टात, फुटले. खालच्या वालुकाश्मात पाणी मुरले आणि पायाच सरकला. धरण पुन्हा बांधले गेले. दारे कितीही शहाणी असोत, पाया कच्चा असेल तर सगळे शहाणपण पाण्याबरोबर वाहून जाते. घराच्या बाबतीत हा पाया म्हणजे घरातले वायरिंग.

आमचा वाडा लष्करात आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले, हे आपल्यापैकी बहुतेकांना घरच्या गोष्टींतूनच ठाऊक असते. त्या शहरातले जुने वाडे आतून सारखेच. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, वर माडी, आणि दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती. वीज आली तेव्हा ती लाकडी पट्ट्यांवरून, कापडी वेष्टणाच्या वायरीतून आली. चिनी मातीचे फ्यूज बसले आणि अर्थिंगच्या नावाने पूज्य राहिले. अशा घरात फोनवरून लागणारा दिवा बसविणे म्हणजे मोडक्या तुळईवर झुंबर टांगणे होय. म्हणून पहिले काम वायरमनचे. वायरी बदलल्या, अंगणात नवे अर्थिंग घातले, आणि गळती होताच डोळ्याचे पाते लवते न लवते तोच प्रवाह तोडणारे आरसीसीबी मेन स्विचजवळ बसविले. पुष्कळ जुन्या घरांत बटणापर्यंत फक्त फेजची वायर येते आणि न्यूट्रल परस्पर दिव्याकडे जाते. बटणामागे बसणाऱ्या काडेपेटीएवढ्या यंत्राला मात्र जगण्यासाठी दोन्ही लागतात. तेव्हा वायरिंग नवे करणारांनी प्रत्येक बोर्डापर्यंत न्यूट्रल आणून ठेवावे. आज उपयोग नसला तरी उद्या होईल.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. तो आमच्या आत्यासाठी. आत्या आज शहाऐंशी वर्षांची आहे. तिने लग्न केले नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकविण्यात तिचा जन्म गेला. वाड्याच्या पुढच्या भागात ती एकटी राहते, मागच्या सोप्यात एक बिऱ्हाड आहे आणि मी नोकरीच्या काळापासून थाटीपूरला. चुलतभाऊ एक पुण्याला, एक टोरांटोला. आत्याने वाडा सोडून कोणाकडे तरी येऊन राहावे असा सगळ्यांचा आग्रह, आणि आत्याचे उत्तर एकच, “माझे काय अडले आहे?” दोन वर्षांपूर्वी ती रात्री न्हाणीघराकडे जाताना अंधारात उंबऱ्याला अडखळली. मनगट मुरगळले, एवढ्यावर निभावले. पण भावांचा धीर सुटला. टोरांटोहून फर्मान निघाले, की चौकात, माजघरात आणि आत्याच्या खोलीत कॅमेरे बसवा, म्हणजे आम्हाला येथून पाहता येईल.

आत्याने ते ऐकून घेतले आणि मला म्हणाली, “अरे, मी जन्मभर परीक्षेच्या वेळी पोरींवर पहारा केला. माझ्यावर कोणी पहारा केलेला मला चालायचा नाही. मी पडले तर कळावे एवढेच ना हवे आहे तुम्हाला? मग मी कशी बसते, कशी उठते, हे कशाला बघायचे?”

गणिताच्या बाईंनी प्रश्नातले अनावश्यक आकडे खोडून टाकावेत तसे ते झाले. हवे होते ते एवढेच, की पडूच नये, आणि पडलीच तर वेळेवर कळावे. कॅमेऱ्याविषयीची तिची नाखुशी केवळ जुन्या माणसाचा संकोच होती असेही नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका उपद्रवी प्रोग्रामने जगभरचे असंख्य कॅमेरे आणि राउटर काबीज केले होते. युक्ती अगदी साधी. कारखान्यात घातलेला पासवर्ड पुष्कळांनी बदललेलाच नव्हता. त्या ताब्यात घेतलेल्या यंत्रांचा मारा करून त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. घराची राखण करण्यासाठी आणलेली वस्तूच अशी चोराला सामील झाली.

मग कॅमेऱ्याऐवजी आम्ही काय बसविले ते सांगतो. आत्याच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तीन मंद दिवे लावले. भिंतीवर माणसाच्या देहाची उष्णता हलली की ओळखणारे एक लहान यंत्र बसविले. त्याला चेहरा दिसत नाही. कोणीतरी हलले, इतकेच त्याला समजते. आत्याने रात्री पाय खाली टाकला की वाट उजळते आणि ती परत निजली की थोड्या वेळाने मावळते.

दुसरी गोष्ट देवघराच्या दाराची. आत्या पहाटे उठते, स्नान करते आणि सातच्या आत देवघर उघडते. या क्रमात साठ वर्षांत खंड नाही. त्या दाराच्या चौकटीवर एक डबी आणि दारावर एक लोहचुंबक लावला. दार उघडले की चुंबक दूर जातो आणि डबी निरोप देते. सकाळी साडेसातपर्यंत तो निरोप आला नाही, तर मागच्या बिऱ्हाडात एक घंटा वाजते. दहा मिनिटांत ती कोणी येऊन बंद केली नाही, तर माझ्या फोनवर सूचना येते. याला आत्याची संमती घ्यायला मी भीत भीतच गेलो होतो. ती क्षणभर विचार करून म्हणाली, “चालेल. मी उठले हे देवाला तर कळतेच. तुलाही कळू दे.”

गेल्या वर्षी जानेवारीतल्या धुक्याच्या दिवसांत एका सकाळी ती घंटा खरोखरच वाजली. मागच्या बिऱ्हाडातली सून पदर खोचून धावत आली. आत्याला रात्रीतून सणकून ताप भरला होता आणि पलंगावरून उठवत नव्हते. आठच्या आत डॉक्टर आले. न्यूमोनियाची सुरुवात होती, दुपारपर्यंत थांबलो असतो तर प्रकरण अवघड झाले असते, असे ते म्हणाले. टोरांटोच्या भावाला त्या दिवसापासून कॅमेऱ्याची आठवण झालेली नाही. माझ्या मते त्या सकाळी सर्वांत मोलाचे ठरले ते यंत्र नव्हे, शेजार. यंत्राने फक्त शेजाऱ्याला वेळेवर हाक मारली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साडेसात वाजले, दार उघडले नाही, तर घंटा वाजवावी, हे ठरवितो कोण? बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा वस्तूंत हा निर्णय घरात होतच नाही. तुम्ही फोनवर बोट ठेवता, हुकूम इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो आणि तेथून फिरून तुमच्याच डोक्यावरच्या दिव्याकडे येतो. हाताच्या अंतरावरच्या बटणासाठी समुद्रापारचा वळसा! आमच्या शहरात इंटरनेट गेले की असा दिवा मुका होतो. कंपनीनेच दुकान आवरले तर कायमचा मुका होतो. मी पहिल्यांदा आणलेल्या एका परदेशी प्लगचे असेच झाले. कंपनीने ते ॲप बंद केले आणि धडधाकट प्लग कपाटात जाऊन पडला.

माझी कथा किरकोळ आहे. याहून मोठे दाखले जगजाहीर आहेत. अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे, घरातल्या सगळ्या यंत्रांना एकत्र जोडणारे तीनशे डॉलरचे उपकरण विकले जात असे. नेस्ट कंपनीने २०१४ साली तो व्यवसाय विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. लोकांनी पैसे मोजून घेतलेले, चांगले चालणारे यंत्र एका दिवशी निव्वळ खोके झाले. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ या कंपनीचे संगणक ग्राहकांना काही न कळविताच बंद पडले. मात्र या दुसऱ्या कथेचा शेवट वेगळा आहे. इन्स्टिऑनची बटणे आपसांत थेट बोलत असल्यामुळे ज्यांनी घरातल्या घरात जोडणी केली होती त्यांचे दिवे लागतच राहिले. हौशी मंडळींनी एकमेकांना वाटा दाखविल्या, आणि जूनमध्ये त्या वस्तू वापरणाऱ्यांच्याच एका गटाने ती कंपनी विकत घेऊन पुन्हा चालू केली. ग्राहकांनी दुकान वाचविल्याचे असे उदाहरण विरळा.

या छंदाचा इतिहास पाहिला तर तो पहिल्यापासून अशा हौशी माणसांचाच आहे. १९६६ साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे जिम सदरलँड नावाच्या वेस्टिंगहाउसमधील इंजिनिअराने टाकाऊ सुट्या भागांतून घरासाठी एक संगणक उभा केला. त्याचे नाव ‘एको चार’. घरातली उष्णता राखणे, वाणसामानाची यादी ठेवणे असली कामे तो करी. वजन सुमारे आठशे पौंड! तो विकण्यासाठी नव्हताच. १९७५ साली स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथे पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने घरातल्या विजेच्या तारांतूनच हुकूम पाठविण्याची रीत काढली. तो त्यांचा दहावा प्रकल्प, म्हणून नाव पडले ‘एक्स-१०’. नवी वायर ओढायला नको, ही तिची खुबी. पुढे कितीतरी वर्षे हौशी लोक तिच्यावर प्रयोग करीत राहिले.

माझ्या वाड्यात आज जी पद्धत चालते तिचे नाव ‘होम असिस्टंट’. २०१३ साली पाउलस स्काउत्सेन या डच तरुणाने, आपल्या घरातले दिवे सूर्यास्ताला आपोआप लागावेत म्हणून, हा प्रोग्राम लिहायला घेतला आणि त्याची सगळी रचना जगासमोर उघडी ठेवली. ज्याला जे सुचले ते त्याने त्यात घातले. एकाने आपल्या पंख्याची भाषा शिकविली, दुसऱ्याने पाण्याच्या मीटरची. आज हजारो प्रकारच्या वस्तू त्याला समजतात. २०२४ साली हे सारे काम ‘ओपन होम फाउंडेशन’ या स्वित्झर्लंडमधील ना-नफा संस्थेकडे सोपविण्यात आले. उद्या कोणा धनिकाने ते विकत घेऊन कुलूपबंद करू नये, हा त्यामागचा हेतू. आमच्या माडीवरच्या कोनाड्यात पत्त्यांच्या जोडाएवढ्या एका संगणकावर हा प्रोग्राम अहोरात्र चालतो. वीज तो एखाद्या लहानशा एलईडी दिव्याइतकीच खातो आणि लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर चालू राहतो. आत्याचे देवघर केव्हा उघडले हे त्या कोनाड्याबाहेर कोणालाही कळत नाही. मला सूचना येते ती घराच्या राउटरपासून माझ्या फोनपर्यंत खणलेल्या एका कुलूपबंद बोगद्यातून. इंटरनेट बंद असेल तर ती येणार नाही, पण शेजारची घंटा तरीही वाजेल. म्हणूनच घंटा पहिली आणि मी दुसरा.

बटणामागच्या त्या काडेपेटीएवढ्या यंत्रांतही हौशी माणसांचे हात लागलेले आहेत. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ‘ईएसपी ८२६६’ ही स्वस्त चकती २०१४ मध्ये बाहेर पडली, तेव्हा तिची माहिती बहुतेक चिनी भाषेतच होती. देशोदेशींच्या मंडळींनी ती स्वतः भाषांतरित केली, चकतीच्या खोड्या शोधल्या आणि एकमेकांना सांगितल्या. पुढे तेओ आरेंड्स या डच गृहस्थांनी ‘तासमोटा’ नावाचा प्रोग्राम लिहिला. तो बाजारी यंत्रात भरला की यंत्र कंपनीच्या संगणकाचा नाद सोडते आणि घरच्या मालकाचे ऐकू लागते. ही यंत्रे आपसांत ज्या भाषेत बोलतात तिचे नाव एमक्यूटीटी. आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती १९९९ साली तेलाच्या लांबलचक नळांवर उपग्रहातून नजर ठेवण्यासाठी रचली. कमीत कमी शब्दांत निरोप, हा तिचा कटाक्ष. जुन्या काळी तारेचे पैसे शब्दांवर मोजत असत, त्याची आठवण व्हावी. यांतील स्टॅनफर्ड-क्लार्क इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावर सोळाव्या शतकातल्या गवती छपराच्या घरात राहत, आणि त्यांनी त्या घरातली विजेची मोजदाद, इतकेच काय उंदरांचे सापळेसुद्धा, बोलते केले होते. जुने घर आणि नवे यंत्र यांचे वैर असते असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो.

जाड भिंतींचा उपायही मला अशाच एका पत्रमित्राने सुचविला. बडोद्याचे हे निवृत्त वीज-इंजिनिअर मला प्रत्यक्ष कधी भेटलेले नाहीत. आमचा परिचय पडद्यावरचाच. मी त्यांना लिहिले, की चौकातल्या राउटरचे वायफाय देवघरापर्यंत पोहोचता पोहोचता विझते. त्यांनी ‘झिगबी’ नावाची पद्धत समजावून सांगितली. मधमाश्यांच्या नागमोडी नाचावरून तिला हे नाव पडले. तीत विजेवर चालणारे प्रत्येक यंत्र शेजारच्या यंत्राचा निरोप पुढे पोहोचविते. ओसरीच्या प्लगने माजघराला सांगावे, माजघराने माडीला. पूर्वी वाड्यात निरोप असाच जात असे. चौकातून कोणी ओरडले की ओसरीवरचा आत सांगे आणि आतला माडीवर. बेळगावची एक तरुण मुलगी आपल्या आजोळच्या घरासाठी हेच करते आहे. तिने मला दाराच्या डबीतली बटणाएवढी बॅटरी केव्हा संपत आली ते आधी कळण्याची युक्ती दिली. मी तिला कूलरचा हिशेब दिला. कोणी कोणाकडून काही घेतले नाही. ज्ञानाच्या बाबतीत आपल्याकडे ‘दिल्याने वाढते’ असे म्हणतात, ते मला साठी उलटल्यावर शब्दशः पाहायला मिळाले.

कूलरचा हिशेब ग्वाल्हेरकरांच्या कामाचा आहे, म्हणून येथे देतो. आपल्याकडे मे महिन्यात लू वाहते. पूर्वी दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर कोणीतरी सतत पाणी शिंपडीत असे. कूलर हे त्याचेच यंत्ररूप. कोरड्या हवेत पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून गारवा येतो. पण पावसाळा लागला, हवेत दमटपणा आला, की पाणी उडतच नाही आणि कूलर गारव्याऐवजी घाम देतो. आमच्याकडे खोलीतला दमटपणा मोजणारी एक डबी आहे. तो सत्तर टक्क्यांवर गेला की कूलरचा पंप थांबतो, पंखा तेवढा चालतो. उतरला की पंप पुन्हा सुरू. पाणीही वाचते आणि आत्याचे सांधेही.

या साऱ्या उद्योगाला आत्याने दोन अटी घातल्या आणि दोन्ही मी प्रत्येक घराला सुचवीन. पहिली अट अशी, की हाताने दाबायचे बटण कोठेही काढायचे नाही. यंत्र चालो वा न चालो, बटण दाबले की दिवा लागलाच पाहिजे. बोलून हुकूम घेणारी पेटी मी एकदा तिला दाखविली होती. ती म्हणाली, “भिंतीशी बोलण्याइतकी मी अजून म्हातारी झाले नाही.” विषय संपला.

दुसरी अट तिच्या शिक्षकी पेशाला शोभणारी. घरात जे काही आपोआप चालेल त्याचा नियम कागदावर पाहिजे, आणि मराठीत पाहिजे. “तू उद्या गावाला गेलास, की आजारी पडलास, तर या भुताटकीचा अर्थ कोणी लावायचा?” असे तिने विचारले. प्रश्न बिनतोड होता. अशा घरांतला खरा धोका हाच आहे. घरातला एकच हौशी माणूस सारे जाणतो आणि तो नसला की बाकीची मंडळी आपल्याच घरात पाहुण्यासारखी वावरतात. कंपनीच्या हातून सोडविलेली किल्ली एकाच पुतण्याच्या खिशात राहिली तर घरच्यांना तिचा काय लाभ?

म्हणून आत्याने लाल कापडी बांधणीची एक दोनशेपानी वही घातली. डाव्या पानावर ‘असे झाल्यास’, उजव्या पानावर ‘असे होईल’, आणि खाली ‘बंद पडल्यास काय करावे’. कोणती वायर कोठून कोठे जाते त्याचा नकाशा तिने पट्टी घेऊन स्वतः काढला. आज त्या वहीत सतरा नियम आहेत. मी नवा नियम सुचविला की ती आधी विचारते, “याने कोणाचे काय अडते?” उत्तर समाधानकारक नसेल तर नियम वहीत चढत नाही, आणि वहीत नाही ते भिंतीवरही नाही. गेल्या दिवाळीला पुण्याचा भाऊ आला होता. त्याची बारा वर्षांची मुलगी ती वही घेऊन चौकभर फिरली आणि संध्याकाळपर्यंत तिने न्हाणीघराच्या वाटेवरचे दिवे किती वेळाने मावळावेत हे बदलूनही दाखविले. आत्याने तिच्याकडून जुना आकडा खोडून नवा आकडा वहीत लिहून घेतला, शेजारी तारीख घालायला लावली आणि सही करायला सांगितली.